पुण्यातल्या फौजी घरांना खुलं पत्र: तो गठ्ठा फोडू नका

पुण्यातल्या सगळ्या फौजी कुटुंबांना सप्रेम नमस्कार.

वानवडी, साळुंके विहार, फातिमानगर, एनआयबीएम रोड, खडकी, औंध, कॅम्प, जिथे जिथे कुणाचे तरी वडील, आजोबा किंवा सासरे लष्करात अधिकारी होते आणि आता ते नाहीत किंवा खूप थकलेत, त्या सगळ्या घरांसाठी हे लिहितोय. माळ्यावर किंवा पलंगाखाली काळी पत्र्याची ट्रंक असते, वर रँक आणि नाव पांढऱ्या रंगाने लिहिलेलं असतं, आत पत्रं, ग्रुप फोटो, मेसची आमंत्रणं आणि घडी घातलेले जुने पेपर असतात. त्या ट्रंकेतला गठ्ठा फोडू नका एवढीच माझी विनंती आहे. रद्दीत देऊ नका हे तर आहेच, पण कुणी चांगला, अभ्यासू माणूस घरी येऊन "यातली ही दोन सहीवाली पत्रं मला द्या, बाकीचं तुम्हाला राहू दे" म्हणाला तरी देऊ नका, मग तो माझ्यासारखा संग्राहक असला तरी.

मी स्वतः बरीच वर्षं युद्धकाळातल्या सेनानींची सह्या असलेली पत्रं आणि त्या त्या दिवसांचे पेपर जमवतोय. नोकरी सांभाळून, खिशाला झेपेल तेवढं. त्यामुळे बाजारात काय चालतं ते जवळून बघितलंय आणि म्हणूनच हे लिहायची वेळ आली असं वाटतं. जुन्या बाजारात एकदा एक अल्बम हातात आला होता, काळ्या पानांवर ओळीने सह्या चिकटवलेल्या, प्रत्येक सही पत्राच्या तळातून कात्रीने कापलेली. एका तुकड्यावर सहीच्या वर शेवटच्या ओळीची अर्धी अक्षरं दिसत होती, टाइप केलेली, काहीतरी पुलाबद्दल होतं. कुठला पूल, कोणत्या वर्षी, कुणी कुणाला लिहिलं, हे आता जगात कुणालाच कळणार नाही. विकणाऱ्याला मात्र वाटत होतं की त्याने नको तो कागद काढून टाकून माल नीटनेटका केलाय.

हे पुण्यालाच का सांगतोय, तर आपल्या शहरात असे गठ्ठे जेवढे असतील तेवढे देशात फार थोड्या ठिकाणी असतील. सदर्न कमांडचं मुख्यालय इथे. १९४८ च्या सप्टेंबरमधली हैदराबादची कारवाई आणि १९६१ च्या डिसेंबरमधली गोव्याची, दोन्ही सदर्न कमांडच्या. खडकवासल्याला अधिकारी घडवणारी एनडीए, खडकीला बॉम्बे सॅपर्स म्हणजे लष्कराचे इंजिनिअर, वानवडीला एएफएमसी हे लष्करी वैद्यकीय कॉलेज, आणि रिटायर झाल्यावर इथलं हवापाणी मानवतं म्हणून कायमचे राहायला आलेले कितीतरी अधिकारी. १९७१ च्या पाकिस्तान युद्धातली बसंतरची लढाई घ्या, जिथे पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबरला शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. खेत्रपालांचा जन्म पुण्याचा. त्या लढाईत ५४ इन्फंट्री डिव्हिजनचे कमांडर होते वॉल्टर पिंटो आणि आर्मर्ड म्हणजे रणगाड्यांच्या ब्रिगेडचे कमांडर होते अरुणकुमार वैद्य. दोघंही निवृत्तीनंतर पुण्यात राहिले आणि दोघांचा शेवटही याच शहरात झाला, जनरल वैद्यांची तर १९८६ च्या १० ऑगस्टला इथेच हत्या झाली. आता विचार करा, या माणसांच्या हाताखाली लढलेले, त्यांच्याशी पुढे वर्षानुवर्षं पत्रव्यवहार ठेवलेले किती मेजर, कर्नल, सुभेदार इथे राहिले असतील, आणि त्यांच्या ट्रंका कुठे गेल्या असतील.

बरं, त्या गठ्ठ्यात काय आहे हे घरच्यांना ओळखता येत नाही हा मोठा प्रॉब्लेम आहे. लष्करातले मोठे लोक एकमेकांना लिहिताना पूर्ण नावाने सही करतीलच असं नाही. पत्राच्या शेवटी नुसतं "टिमी" असेल तर ते पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल थिमय्या असू शकतात, "किपर" म्हणजे पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पा, "मुच्छू" म्हणजे जनरल जे. एन. चौधरी, जे गोव्याच्या वेळी सदर्न कमांडचे प्रमुख होते आणि १९६५ च्या युद्धात लष्करप्रमुख. "जग्गी" म्हणजे जगजितसिंग अरोरा, ज्यांच्यासमोर १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या रेसकोर्सवर पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली. घरातल्या नव्या पिढीला वाटतं की हा कुणीतरी बाबांचा क्लबातला मित्र असेल, ठेवून काय करायचंय, आणि ते पत्र लाइटच्या जुन्या बिलांबरोबर जातं.

दुसरं म्हणजे डी.ओ. लेटर, डेमी-ऑफिशियल म्हणजे अर्धसरकारी पत्र. हे सरकारी पॅडवर टाइप केलेलं असतं म्हणून ऑफिसचा कागद समजून लोक टाकून देतात. पण नीट बघा, टाइप केलेल्या मजकुराच्या वरती "माय डियर अमुक" आणि खाली "युवर्स सिन्सियरली" हे पेनाने लिहिलेलं असतं, कारण पद्धतच तशी आहे, ते पत्र पदाने पदाला नाही तर माणसाने माणसाला लिहिलेलं असतं. कधी कधी सहीच्या खाली दोन ओळी हाताने जोडलेल्या असतात, बायकोच्या तब्येतीची चौकशी, बदलीबद्दल एखादी सूचना, आणि माझ्या मते पत्राचा जीव त्या दोन ओळींत असतो. टायपिस्टने बघितलेला मजकूर फाईलीतही सापडू शकतो, या दोन ओळी फक्त तुमच्या ट्रंकेतच आहेत.

आणि पाकीट! हात जोडून सांगतो, पाकीट टाकू नका. फौजी टपालावर "५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) एवढाच पत्ता असतो, युनिट नेमकं कुठे आहे ते मुद्दाम लिहिलेलं नसतं. पण शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा (एफपीओचा) नंबर असतो आणि टपालाचा इतिहास जाणणाऱ्यांना त्या नंबरावरून, तारखेवरून ते पोस्ट ऑफिस त्या आठवड्यात कुठे होतं याचा माग काढता येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या पाकिटांवर सेन्सॉरचा शिक्का असतो, पाकीट उघडून परत चिकटवल्याची पट्टी असते. त्या काळात एअरग्राफ नावाचा प्रकार होता, पत्राचा छोट्या फिल्मवर फोटो घ्यायचे, फिल्म विमानाने पाठवायचे आणि पोचल्यावर त्याची लहानशी प्रिंट काढून घरी द्यायचे. अशा पत्रावरची सही शाईची नसतेच, फोटोतली असते, तरी पत्र अस्सल. कुणी "ही तर झेरॉक्स आहे" म्हणून टाकून दिलं तर फार वाईट वाटेल.

सही खरी की खोटी हा विषय निघतोच, कारण पैसे तिथे आहेत. थोडक्यात सांगतो. १९४२ ची तारीख आणि सही बॉलपेनची असेल तर जपून, बॉलपेन सर्वसामान्यांच्या बाजारात आलं तेच १९४५ च्या शेवटी, तेही अमेरिकेत. कागद अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली निळसर-पांढरा चमकला तर तो बहुतेक १९५० नंतरचा, कारण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची ती रसायनं त्यानंतर आली. १९८३ मध्ये जर्मनीत एका मोठ्या साप्ताहिकाने हिटलरच्या डायऱ्या म्हणून वाजतगाजत जे छापलं ते खोटं ठरलं, त्यात कागदातल्या याच रसायनाचा पुरावा महत्त्वाचा होता. मोठ्या अधिकाऱ्यांच्या नावाने सेक्रेटरी सही करायचे, मशीनने सही करायची सोय होती, नव्या वर्षाच्या कार्डावर सही छापलेली असायची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीने आपल्या आठव्या आर्मीतल्या सैनिकांना वाटलेले संदेश किंवा अमेरिकन सेनापती आयझेनहॉवरचा ६ जून १९४४ चा ऑर्डर ऑफ द डे, म्हणजे नॉर्मंडीच्या चढाईच्या दिवशी सैन्याला दिलेला संदेश, यांच्यावरच्या सह्या छापील आहेत. आठव्या आर्मीत आपले हजारो लोक होते, नामदेव जाधवांना इटलीत सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच आर्मीत, तेव्हा असा एखादा कागद महाराष्ट्रातल्या घरात निघणं अगदी शक्य आहे, आणि सही छापील असली तरी तो ठेवायचाच.

पण या सगळ्या तपासण्यांपेक्षा मोठा पुरावा तुमच्याकडे आधीच आहे, तो म्हणजे गठ्ठा. एकटी सही कुणीही करू शकतो. पण पत्र, त्याचं पाकीट, त्यावरचा शिक्का, त्याला वडिलांनी पाठवलेल्या उत्तराची कार्बन कॉपी, पुढच्या महिन्यातलं दुसरं पत्र ज्यात आधीच्या पत्राचा उल्लेख आहे, आणि त्याच आठवड्याचा घडी घातलेला पेपर, एवढं सगळं मिळून खोटं करता येत नाही. गठ्ठा फोडला की प्रत्येक कागद अनाथ होतो, मग त्याला तज्ज्ञांचे दाखले लागतात, आणि तरी शंका राहतेच. म्हणून पैशाच्या हिशोबानेही सांगतो की फोडण्यात तुमचंच नुकसान आहे.

पेपरांचं वेगळं सांगावं लागेल. १७ डिसेंबर १९७१ चा, ढाक्याच्या शरणागतीच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर बहुतेक घरांनी जपून ठेवला, म्हणून तो आजही मिळतो, आणि मोठ्या मथळ्यांच्या अंकांच्या नव्याने छापलेल्या प्रतीसुद्धा फिरतात. खरे दुर्मिळ आहेत ते मधल्या साध्या दिवसांचे अंक, जिल्ह्यातली छोटी वर्तमानपत्रं, ज्यात ब्लॅकआऊटच्या सूचना, गावातल्या शहीद जवानाची चार ओळींची बातमी, संरक्षण निधीला कुणी किती दिले याच्या याद्या असतात. त्याहून दुर्मिळ म्हणजे फौजेचे स्वतःचे पेपर. "फौजी अखबार" १९०९ पासून निघत होता, १९५४ मध्ये त्याचं "सैनिक समाचार" झालं, ते मराठीतही निघतं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या सैनिकांसाठी १९४४ पासून "सीअॅक" नावाचा रोजचा पेपर कलकत्त्याला छापून पुढे पाठवत. आणि युनिटमध्ये सायक्लोस्टाईल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढून वाटलेली बातम्यांची पानं, ती तर कुणी गोळा करायची म्हणून छापलीच नव्हती. तुमच्या ट्रंकेत असं एखादं पान असेल तर कदाचित तेवढीच प्रत शिल्लक असेल.

वडिलांनी पेपर का ठेवला हे बघायला घडी उघडा. समासात पेन्सिलची खूण असते. नकाशावर बाण काढलेला असतो, बातमीत गावाचं नाव चुकलेलं असेल तर ते दुरुस्त केलेलं असतं, "नॉट अवर स्क्वाड्रन" असं काहीतरी खरडलेलं असतं. जो माणूस तिथे प्रत्यक्ष होता त्याने छापील बातमीला दिलेलं ते उत्तर आहे. मी सहीशिवायचा असा खुणांचा पेपर एखाद्या कोऱ्या, कडक, सही केलेल्या फोटोपेक्षा केव्हाही वरचा मानतो.

आपण पुणेकरांनी तरी हे समजून घ्यायला हवं, कारण मराठ्यांचा इतिहास आपल्याला माहीत आहे तो कागदांमुळे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून वाड्यांमधली दप्तरं धुंडाळली आणि त्यांच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये आला. पेशवे दफ्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांतून, इतिहासकार सरदेसायांनी ४५ भाग निवडून काढले ते १९३० च्या दशकात. पानिपतावरच्या छावणीत धान्य किती उरलंय, वैरण कुठून आणायची, कोण सरदार कुणावर नाराज आहे, हे आज सांगता येतं कारण ती पत्रं रुमालात बांधलेली राहिली, कुणी त्यातल्या फक्त भाऊसाहेबांच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढून विकल्या नाहीत.

उलट जे घडलं तेही सांगतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदुस्थानी शिपायांनी घरी हजारो पत्रं लिहिली, त्यात मराठे होते, शीख होते, पठाण होते. ती मूळ पत्रं बहुतेक नष्ट झाली. आज इतिहासकार वापरतात ते सेन्सॉरने आपल्या रिपोर्टसाठी काढलेले उतारे, तेही इंग्रजी भाषांतरात, आणि ते आहेत लंडनला ब्रिटिश लायब्ररीत. म्हणजे आपल्या माणसांचे शब्द वाचायला आपल्याला त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्याची वही उघडावी लागते.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांचे सरकारी कागद आहेतच की, असं कुणी म्हणेल. आहेत, पण ते बाहेर यायला काळ लागतो. १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने इतकी दशकं अधिकृतपणे खुला केलेला नाही. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नवं धोरण आणलं, साधारण २५ वर्षांनी रेकॉर्ड खुलं करायचं, युद्धाचा इतिहास वेळेत लिहून घ्यायचा, जुने कागद तपासून नॅशनल आर्काइव्ह्जकडे द्यायचे, आणि ते धोरण चांगलंच आहे. पण फाईलीत निर्णय असतो, तो घेताना माणसाला काय वाटत होतं, रात्री त्याने मित्राला काय लिहिलं, ते घरातच असतं.

कायद्याबद्दल दोन गोष्टी माहीत असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाचा कागद ७५ वर्षांचा झाला की तो पुरावस्तू ठरू शकतो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली आणि १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातलीही पत्रं आता त्यात येतात. ती परदेशी गिऱ्हाइकाला परस्पर कुरियर करता येत नाहीत, आणि असा धंदा करणाऱ्याला लायसन्स लागतं, तेव्हा घरी येणाऱ्या डीलरला ते विचारा, लाजू नका. दुसरं, गठ्ठ्यात खरोखरच सरकारी फाईल निघाली, गोपनीय असा शिक्का, ऑपरेशनचे नकाशे वगैरे, तर ती घरची मालमत्ता नाही. ती विकू नका, तिचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका, वडिलांच्या रेजिमेंटला किंवा सदर्न कमांडला रीतसर कळवा.

आता सांभाळायचं कसं. लॅमिनेशन करू नका, ते परत काढता येत नाही आणि कागद आतल्या आत मरतो. सेलोटेप नको, काही वर्षांत तिचा चिकट पिवळा डाग कायमचा बसतो. स्टेपलच्या पिना आणि टाचण्या हळूच काढा कारण पावसाळ्यात त्या गंजतात. पेपरचा कागद स्वस्त लाकडी लगद्याचा असतो, त्यातल्या आम्लामुळे तो स्वतःच पिवळा पडून तुटतो आणि शेजारच्या पत्रावरही डाग पाडतो, म्हणून पत्र आणि पेपर यांच्यामध्ये अॅसिड-फ्री कागद घाला आणि कुठला पेपर कुठल्या पत्राबरोबर होता ते पेन्सिलने त्या मधल्या कागदावर लिहा. कसर आणि वाळवीसाठी दर काही महिन्यांनी उघडून बघणं हाच उपाय, डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका. आणि पार्किंगमधल्या स्टोअररूममध्ये किंवा खालच्या कप्प्यात तर नकोच. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पेठांमधल्या वाड्यांतून किती दप्तरं वाहून गेली हे जुने लोक सांगतात, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने सोसायट्यांमध्ये काय केलं ते तर आपण सगळ्यांनीच बघितलंय.

फोनने का होईना, प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, पाकिटासकट, आहे त्या क्रमाने. मग द्यायचं असेल तर द्या. करिअप्पांचे कागद दिल्लीला नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि अभ्यासक ते वाचतात. रेजिमेंटची सेंटर्स आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, सॅपर्सचं खडकीला, रणगाडेवाल्यांसाठी नगरला आर्मर्ड कोअर सेंटर. देताना लेखी पत्र करा की संग्रह एकत्र राहील, यादी होईल, अभ्यासकांना बघता येईल आणि घरच्यांना स्कॅन मिळतील. जिवंत माणसांबद्दल काही नाजूक मजकूर असेल तर अमुक वर्षं बंद ठेवा अशी अट घालता येते, त्यासाठी जाळून टाकायची गरज नाही. आणि अडचण असेल, पैशाची गरज असेल तर विका, त्यात मला काही गैर वाटत नाही, पण अख्खा गठ्ठा एकाच माणसाला विका आणि त्याच्याकडून यादीवर सही घ्या. फक्त एक पत्र कुणालाच विकू नका, ते म्हणजे मुलगा गेल्यावर त्याच्या सीओने म्हणजे कमांडिंग ऑफिसरने आईवडिलांना हाताने लिहिलेलं.

एक काम मात्र पुढे ढकलू नका. घरात आई, आजी, मोठी काकू असतील, ज्या बबिना, झाशी, जोधपूर, पठाणकोट अशा बदल्यांमधून बाबांबरोबर फिरल्या, त्यांच्यासमोर पत्रं ठेवा आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा. हा "बनी" कोण, ही "मेसमधली ती रात्र" कुठली, डिसेंबरात महिनाभर पत्र का आलं नाही, हे त्यांनाच माहीत आहे. युनिटमधला एखादा जुना जेसीओ (सुभेदार वगैरे) साताऱ्याला, सांगलीला, चिपळूणला असेल तर त्याला फोन लावा, ग्रुप फोटोतल्या मागच्या रांगेतली नावं तोच सांगेल. हे करायला कुणाला मदत लागली, यादी करायची असेल, एफपीओचे नंबर लावायचे असतील, तर मी आणि माझे काही संग्राहक मित्र सुट्टीच्या दिवशी घरी येऊन करू, फुकट, आणि जाताना एकही कागद बरोबर नेणार नाही.

आपला,
पुण्यातला एक संग्राहक